'ओपन' म्हणजे नेमके कुणाचे?

'ओपन' हा शब्द आता मराठीच झाला आहे. दुकान ओपन असते, बँकेत खाते ओपन होते, मोबाइलवर फाइल ओपन होत नाही. या सगळ्यात अर्थ एकच: उघडे. पण नाशिकच्या अभ्यासिकेत कुणी विचारले, "तू ओपनचा का?" की अर्थ फिरतो. तिथे ओपन म्हणजे सवर्ण! जो शब्द 'सर्वांसाठी उघडे' असे सांगतो, तोच काही जातींचे टोपणनाव झाला.

मित्रांनो, ही नुसती भाषेची गंमत नाही. 'खुले' म्हणायचे आणि आपल्यासाठी बंद ठेवायचे, हा खेळ जुना आहे. १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झाले. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केले. तरी पाण्याला हात लावण्यासाठी १९२७ चा सत्याग्रह करावा लागला. आपल्या नाशिकचे काळाराम मंदिर हिंदूंसाठी खुलेच होते. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली आपली माणसे तिथे गेली, तेव्हा दरवाजे बंद झाले.

आज तो दरवाजा शब्दात आहे. कायदा काय सांगतो? सौरव यादव खटल्यात १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की खुला प्रवर्ग हा कुणाचाही कोटा नाही. तिथे निकष एकच, गुणवत्ता. एससी, एसटी, ओबीसी उमेदवार गुणांच्या बळावर तिथे बसला, तर तो कुणाची जागा खात नाही. उलट, ज्या जागांतून आपल्याला वगळले आहे त्या आहेत ईडब्ल्यूएसच्या १० टक्के. त्यांना मात्र कुणी 'बंद' म्हणत नाही!

चूक आपलीही आहे. ओपनच्या कटऑफपेक्षा जास्त गुण मिळवलेला आपला मुलगा स्वतःच म्हणतो, "माझी जागा एससीचीच." भावा, निवड यादी नीट तपास. वयाची किंवा इतर सवलत घेतली असेल, तर जाहिरातीतला नियमही वाच. हक्क बसत असेल, तर लेखी हरकत घे.

याच नाशिकमध्ये १९८९ पासून यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. तिथे 'ओपन'चे मराठी 'मुक्त' झाले आणि ते विद्यापीठ एका जातीचे आहे असे कुणी समजत नाही. मग भरतीच्या यादीतच ओपनला जात कुठून चिकटते?

उद्या कुणी विचारले, "तू ओपनचा का?" तर सांगा: ओपन आमचेही आहे.

जय भीम!