हॅकेथॉन : छत्तीस तासांआधीची साधना

अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या सूचनाफलकांवर ‘हॅकेथॉन’ हा शब्द आता चांगलाच रुळला आहे. मुलगा किंवा मुलगी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला गेली की तो घरातही कानांवर पडू लागतो आणि पालकांच्या मनात शंका उभी राहते. रात्रभर जागून संगणकासमोर बसण्याची ही कसली स्पर्धा? यातून अभ्यास बुडणार की काही पदरात पडणार? शंका रास्त आहे. तिचे उत्तर मात्र स्पर्धेत नसून विद्यार्थी तिच्याकडे कोणत्या दृष्टीने जातो यात आहे.

‘हॅक’ आणि ‘मॅरेथॉन’ या दोन शब्दांच्या जोडणीतून झालेला हा शब्द १९९९ च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या वर्तुळात रूढ झाला. येथे ‘हॅक’ म्हणजे संगणकीय चोरी नव्हे; अडलेल्या कामातून युक्तीने काढलेली वाट, असा त्याचा अर्थ. भारतात या कल्पनेला राष्ट्रीय रूप आले ते १ व २ एप्रिल २०१७ रोजी झालेल्या पहिल्या ‘स्मार्ट इंडिया हॅकेथॉन’मुळे. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद यांच्या या उपक्रमात पुण्याची पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी आणि रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी यांचाही सहभाग होता. केंद्र सरकारच्या २९ मंत्रालयांनी व विभागांनी आपल्या ५९८ अडचणी विद्यार्थ्यांसमोर मांडल्या आणि देशातील २६ केंद्रांवर सुमारे दहा हजार विद्यार्थी सलग ३६ तास त्यांच्याशी झुंजले. पुढच्याच वर्षी यंत्रे व उपकरणे घडविणाऱ्यांसाठी पाच दिवसांची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. शासनाने आपली अडचण विद्यार्थ्यासमोर उघडपणे ठेवावी आणि विसाव्या वर्षाच्या तरुणाने ती आपली मानावी, हे या उपक्रमाचे खरे मोल आहे.

दुर्दैवाने सर्वांच्या डोळ्यांत भरतात ते छत्तीस तास. त्याआधीचे दोन-तीन महिने कोणी पाहत नाही, आणि पहिल्यांदा उतरणारे बहुतेक संघ हरतात ते नेमके तेथेच. समजा, एखाद्या संघाने कांद्याच्या साठवणुकीचा विषय निवडला. उन्हाळी कांदा चाळीत जातो आणि पावसाळ्याच्या दमट हवेत सडू लागतो. वास सुटेपर्यंत शेतकऱ्याला पत्ता लागत नाही. तापमान व आर्द्रता मोजणारी उपकरणे लावावीत आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर सूचना जावी, ही कल्पना वर्गात बसून पाच मिनिटांत सुचते. पण हाच संघ एक दिवस नाशिक जिल्ह्यातील एखाद्या चाळीत जाऊन उभा राहिला, तर वेगळेच प्रश्न समोर येतात. चाळीपर्यंत वीज आहे का? मोबाईलला तेथे रेंज मिळते का? ढिगाच्या वरच्या थरातील हवा आणि पोटातील हवा सारखी असते का? आणि सूचना मिळाल्यावर शेतकऱ्याने करायचे काय? चाळ उपसायला मजूर लागतात, त्यांची मजुरी बाजारभावाला परवडते का? हे प्रश्न ज्याने ऐकले त्याचा प्रकल्प लहान होतो, पण खरा होतो.

म्हणून पहिल्या हॅकेथॉनची पहिली तयारी म्हणजे ऐकण्याची. दुसरी तयारी संघाची. या राष्ट्रीय स्पर्धेत सहा जणांचा संघ असतो आणि त्यात किमान एक विद्यार्थिनी असणे बंधनकारक आहे. अनेक ठिकाणी हा नियम केवळ नाव भरण्यापुरता पाळला जातो. सहावे नाव म्हणून घेतलेल्या मुलीकडे सादरीकरणाची पाने रंगविण्याचे काम सोपवायचे आणि स्पर्धेनंतर तिला विसरायचे, ही नियमाची फसवणूक तर आहेच, पण संघाचेही नुकसान आहे. सहाही जणांनी आज्ञावली लिहिण्याची गरज नसते. एकाला यंत्राची जाण हवी, एकाला माहितीसाठ्याची, एकाला वापरणाऱ्याशी बोलण्याची आणि एकाला सर्वांना वेळेवर थांबविण्याची.

प्रत्यक्ष स्पर्धेत या तयारीचा कस लागतो. पहिले काही तास उत्साहात जातात. मध्यरात्रीच्या सुमारास दोघांनी वेगवेगळे केलेले भाग एकमेकांशी जुळत नाहीत. परीक्षक पहिल्या फेरीत येतात आणि निम्मे काम अनावश्यक असल्याचे सांगून जातात. आवडीने केलेले काम टाकून देणे, चिडलेल्या सहकाऱ्याला सांभाळणे, पाळीपाळीने झोप घेणे, चालते काम वेळोवेळी जपून ठेवणे आणि शेवटच्या दोन तासांत नवे काही जोडण्याचा मोह आवरणे, हे शिक्षण कोणत्याही पाठ्यपुस्तकात नाही. आणखी एक अडथळा आहे, त्याविषयी फारसे बोलले जात नाही. तालुक्याच्या गावातून आलेला विद्यार्थी उत्तम काम करतो आणि परीक्षकांसमोर इंग्रजी बोलताना अडखळतो. सादरीकरणाचा सराव महाविद्यालयाने करून घ्यायला हवाच; पण परीक्षकांनीही भाषेचा सफाईदारपणा आणि विचाराची खोली यांत गल्लत करू नये.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी आज या स्पर्धेचे स्वरूप आणखी बदलले आहे. ज्या आज्ञावलीसाठी पूर्वी रात्र जात असे, ती आता काही मिनिटांत लिहून मिळते. त्यामुळे केवळ चालणारे प्रारूप दाखवून वेगळेपण सिद्ध होणार नाही. चाळीत जाऊन शेतकऱ्याशी बोलण्याचे काम मात्र कोणतेही यंत्र संघाच्या वतीने करणार नाही.

महाविद्यालयांनी आणि शासकीय विभागांनीही आत्मपरीक्षण करावे. तयार प्रकल्प विकत घेऊन अंतर्गत फेरी उरकणे, पारितोषिकाच्या छायाचित्राचा उपयोग प्रवेशाच्या जाहिरातीसाठी करणे आणि विजेत्यांना पुढे वाऱ्यावर सोडणे, हे प्रकार थांबले पाहिजेत. लाखभर रुपयांचे पारितोषिक आणि भिंतीवरचे प्रमाणपत्र येथेच काम संपत असेल, तर अडचण जेथल्या तेथेच राहते. प्रत्येक निवडलेल्या प्रारूपामागे विभागाचा एक जबाबदार अधिकारी आणि महाविद्यालयाचा एक प्राध्यापक पुढचे वर्षभर उभा राहिला, तर थोडी का होईना, कामे वापरात येतील.

पालकांची भूमिकाही मोठी आहे. पहिल्या हॅकेथॉनमधून बहुतेक मुले रिकाम्या हातांनी परततात. दमलेली, जागरणाने डोळे तांबारलेली मुले घरी आली की पहिला प्रश्न ‘नंबर आला का?’ हा असतो. त्याऐवजी ‘अडचण कोणाची होती आणि ती तुला कितपत कळली?’ असे विचारावे. या प्रश्नावर मूल अर्धा तास भरभरून बोलले, तर त्याचे छत्तीस तास वाया गेले नाहीत असे खुशाल समजावे.