पेटी माळ्यावर का जाते?

आम्ही जांभूळला राहतो. माझी सून लग्नाआधी पेटी छान वाजवायची, परीक्षाही दिलेल्या. आता पेटी माळ्यावर! विचारलं तर हसून म्हणाली, "आई, वेळ कुठे मिळतो?"

मला जर्मनीची पियानोवादक क्लारा शूमान आठवली. जन्म १८१९चा. नऊ वर्षांची असताना जाहीर मैफलीत वाजवलं. वडिलांचा विरोध म्हणून कोर्टाची पायरी चढून १८४०मध्ये संगीतकार रॉबर्टशी लग्न केलं. पण तो चाली रचायला बसला की हिचा रियाज बंद! त्याला शांतता हवी ना. त्यात आठ बाळंतपणं. १८५६मध्ये तो गेला, तेव्हा पदरात सात मुलं. मग क्लाराने गावोगावी मैफली करून संसार ओढला. पुढे जर्मनीच्या शंभर मार्कांच्या नोटेवर तिचा चेहरा झळकला.

म्हणजे जिचा रियाज घरात अडचण ठरला, तिच्याच कलेने घर तारलं. प्रत्येकीची कला पैसे मिळवून देईलच असं नाही. म्हणून काय ती माळ्यावर टाकायची? मैत्रिणींनो, सुनेला अर्धा तास आपण सासवांनीच द्यायला हवा. रविवारी मी पेटी खाली काढून पुसली. संध्याकाळचा कुकर आता माझ्याकडे!