आधी सिस्टरांना विचारा

परळच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजची आणि केईएम रुग्णालयाची सुरुवात १९२६ची. सरकारी नोकरीबाहेरचे भारतीय डॉक्टरच इथे शिकवतील, ही देणगीदारांची अट होती. हे सारे कागदावर आहे आणि शताब्दीच्या निमित्ताने पुन्हा छापलेही जाईल. आम्हाला काळजी वाटते ती कागदावर कधी आलेच नाही त्याची.

१६ फेब्रुवारी १९६८ रोजी डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी केईएममध्ये मानवी हृदयाचे प्रत्यारोपण केले. बार्नार्ड यांनी केलेल्या जगातल्या पहिल्या मानवी हृदयप्रत्यारोपणाला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. रुग्ण काही तासच जगला. मेंदूमृत्यूला कायद्याची मान्यता मिळायला १९९४ उजाडावे लागले. मग त्या दिवशी दात्याच्या नातेवाइकांशी कोण बोलले, कोणत्या शब्दांत? थिएटरच्या सिस्टरांना आधी काय सांगितले होते? तेव्हा विशीत असलेली माणसे आज ऐंशीच्या आसपास आहेत.

केईएममधल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्या बाबतीत कागदावर न आलेल्याची ही उणीव अधिकच जाणवते. १९७३मधल्या हल्ल्यानंतर २०१५मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, केईएमच्या परिचारिकांनी आपल्या सहकारिणीची शुश्रूषा केली. सर्वोच्च न्यायालयाचा इच्छामरणावरचा २०११चा निकाल आपण वाचला, त्यावर परिसंवाद घेतले. पण भरवायचे कसे, कूस कधी बदलायची, त्रास होतोय हे चेहऱ्यावरून कसे ओळखायचे, हे ज्ञान एका पिढीच्या सिस्टरांकडून दुसरीकडे गेले ते ड्यूटीवर, तोंडी. म्हणून अशा तोंडी आठवणी नोंदवायच्या मुलाखतींची सुरुवात अधिष्ठात्यांपासून नको. आधी सिस्टर, वॉर्डबॉय, आयाबाई, लॅब टेक्निशियन. अधिष्ठात्यांची भाषणे कुठे ना कुठे छापलेली असतातच.

रुग्णाची हिस्टरी घेण्याची आपली, डॉक्टरांची, सवय या मुलाखतींत आड येते. निदान गाठायच्या घाईत आपण रुग्णाला मध्येच तोडतो. इथे ‘मग?’ एवढेच विचारून थांबायचे. साल चुकले तर लगेच दुरुस्त करू नये, नंतर नोंदवहीशी पडताळावे. केरळहून आलेल्या सिस्टरांना मल्याळममध्ये बोलावेसे वाटले तर बोलू द्यावे. लेखी संमती घ्यावी, रुग्णांची नावे वगळावीत. एखादा भाग आपल्या हयातीत उघड करू नका असे कोणी म्हटले, तर तो शब्द पाळावा. मोबाइलवरही ध्वनिमुद्रण चांगले होते, पंखा तेवढा बंद ठेवा.

आपल्या कॉलेजच्या शताब्दीची वाट पाहू नका. मेट्रनच्या ऑफिसात निवृत्त सिस्टरांची चौकशी करा आणि वयाने सर्वांत ज्येष्ठ असतील त्यांच्याकडे याच महिन्यात जा.