मिरगाच्या आधी गाडीकडं बघा

वळीव पडून गेला की घरोघरी कामं निघतात. कौलं चाळायची, पत्र्याची भोकं बुजवायची, जळण आत घ्यायचं, छत्र्या दुरुस्तीला टाकायच्या. या सगळ्यात दारातली गाडी मात्र राहून जाते. दसऱ्याला तिला हार घालतो, पण मिरगाच्या आधी तिच्याकडं कोण बघत नाही.

बर्फाच्या देशात असं करून चालत नाही. जर्मनीत २०१० पासून कायदाच आहे, रस्त्यावर बर्फ असेल तर गाडीला हिवाळ्याचे टायर लागतातच. तुमची लेक-जावई तिकडं असतील तर विचारून बघा, थंडी पडायच्या आधीच ते टायर बदलून मोकळे होतात. आपल्याकडं बर्फ नाही. पण गगनबावड्याचा पाऊस आहे, आंबा घाटातलं धुकं आहे आणि दारात पंचगंगा आहे. तयारी आपल्यालाही लागते.

पावसात गाडीकडून दोनच गोष्टी मागायच्या. तुम्हाला समोरचं दिसलं पाहिजे आणि गाडी वेळेवर थांबली पाहिजे. जून म्हणजे वह्या-पुस्तकं, बी-बियाणं, खतं यांचा महिना. हात आखडता असतो, हे मला कळतं. म्हणूनच सांगतो, सीट कव्हर आणि पॉलिश राहू द्या. जो काय खर्च कराल तो आधी या दोन गोष्टींवर करा.

टायरपासून सुरुवात करा. गाडीजवळ खाली बसा आणि टायरच्या खाचांत बोट घाला. खाचेच्या तळाशी रबराचा एक छोटा आडवा उंचवटा लागेल. वरची नक्षी झिजत झिजत त्या उंचवट्याला टेकली, की खाच १.६ मिलिमीटर उरली असं समजा. तिथं टायर संपला. पण तिथपर्यंत वाट बघू नका. खोली तीन मिलिमीटरवर आली की पावसाळ्यापूर्वीच बदला. या खाचा शोभेच्या नाहीत, टायरखालचं पाणी त्या बाहेर काढतात. टायर गुळगुळीत झाला की पाण्याला वाट राहत नाही. मग वेगात गाडी पाण्यावर तरंगते. त्या क्षणी स्टिअरिंग फिरवा नाहीतर ब्रेक दाबा, गाडी ऐकत नाही.

पैशाअभावी दोनच नवे टायर घेणार असाल तर ते मागं बसवा. बरेच लोक पुढं बसवतात. पण पावसात मागचं चाक सुटलं की गाडी गर्रकन फिरते, ती साध्या माणसाला सावरत नाही. पावसात पकड यावी म्हणून हवा कमी करायची, हेही खरं नाही. कंपनीनं सांगितली तेवढीच हवा ठेवा. स्टेपनीतही भरा. जॅक आणि पाना गाडीत आहे का, तेही बघून ठेवा.

ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते का? घासल्याचा आवाज येतो का? पेडल नेहमीपेक्षा खोल जातं का? यातलं एकही असेल तर उद्यमनगरातल्या तुमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडं याच आठवड्यात गाडी न्या. पहिला मोठा पाऊस पडल्यावर सगळेच गॅरेजवर जातात आणि मग मिस्त्रीलाही धड बघायला सवड मिळत नाही.

आता दिसण्याचं. वायपरचं रबर एप्रिल-मेच्या उन्हात कडक होतं. ते काचेवर पाणी पुसत नाही, पाण्याच्या रेघा ओढतं. समोरून ट्रकचा दिवा आला की त्या रेघा चमकतात आणि रस्ता नाहीसा होतो. नवी पाती काही शे रुपयांना येतात. दरवर्षी बदला. काच आतून-बाहेरून साबणाच्या पाण्यानं धुवा. तेलकटपणा राहिला तर नवं पातंही फरफटतं.

वायपरच्या खाली, काच आणि बॉनेट यांच्या मधे एक जाळी असते. ती जाळी बघा. गाडी झाडाखाली लावत असाल तर तिथं पानं, फुलं, काड्या यांचा लगदा साचलेला सापडेल. पाणी बाहेर जायची भोकं त्यानं बुजतात आणि पाणी गाडीत उतरतं. पायाखालचं मॅटिंग ओलं होतं, कुबट वास सुटतो, पुढं वायरिंग बिघडतं. लोक छत गळतं म्हणून हैराण होतात आणि कारण असतं मूठभर पानं. हातानं काढा आणि वर तांब्याभर पाणी ओतून बघा, वाहून गेलं की काम झालं. दाराच्या तळाशीही अशीच बारीक भोकं असतात. तीही मोकळी करा.

काचेवर आतून धुकं धरलं की हातानं पुसू नका. एसी लावा. पाऊस आहे, गारठा आहे म्हणून लोक एसी बंद करतात आणि काच आणखी आंधळी होते. एसी आतल्या हवेतला ओलावा खेचून घेतो. हवेचा झोत काचेवर सोडा, मिनिटभरात दिसू लागेल. गारठा वाटला तर हवा थोडी गरम करा, पण एसी चालू राहू द्या.

दिवे लावून कुणाला तरी गाडीमागं उभं करा. ब्रेक दाबा, दोन्ही इंडिकेटर लावा. मागचे दिवे जास्त जपा, कारण धुक्यात तुमची गाडी इतरांना त्यांच्यावरूनच कळते. धुक्यात डिपरच ठेवा. मोठा दिवा लावला की धुकं पांढरं होऊन अंगावर येतं आणि तुम्हालाच दिसेनासं होतं.

इथं एक कळकळीनं सांगतो. करूळ, आंबा, आंबोली, कुठल्याही घाटात जा, धुकं उतरलं की निम्म्या गाड्या चारी इंडिकेटर लावून धावत असतात. त्यांचा हेतू चांगला असतो. पण चारी दिवे म्हणजे गाडी उभी आहे, अशी ती खूण आहे. मागचा घाबरून एकदम ब्रेक मारतो, नाहीतर बाजूनं काढायला बघतो. शिवाय तुम्ही कुठं वळणार, हे कळायला काही उरत नाही. चालती गाडी असेल तर साधे दिवे पुरेत. गाडी बंद पडली, बाजूला घेतली, तरच चारी लावा.

घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. तेल वाचवायला न्यूट्रल करू नका. सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि पुढच्या वळणाला लागत नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. रोपलावणीच्या दिवसांत शेतातून ट्रॅक्टर वर येतात आणि रस्त्यावर चिखल पडतो, तिथं आधीच वेग उतरवा. पहिल्या पावसातही तसंच. वर्षभराची धूळ आणि सांडलेलं तेल भिजून रस्ता निसरडा झालेला असतो. धबधबा दिसला म्हणून वळणावर किंवा दरडीखाली गाडी लावू नका. वरून बारीक खडे येत असतील तर एवढीशी खूण पुरे, तिथून निघा.

निघण्याआधी रस्ता विचारा. इथल्या माणसाला पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी विचारायची सवय आहेच. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ ला ती ५५ फुटांच्या पुढं गेली आणि शिरोलीजवळ महामार्गावरच पाणी आलं. पण पाणी सगळीकडं एकदम येत नाही. गगनबावड्याच्या रस्त्यावर मांडुकली, लोंघे इथं अडतं. रत्नागिरी रस्त्यावर रेडे डोह फुटला की तिकडची वाट संपली. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरला की आपोआप उघडतात, त्याची बातमी आली की पुढच्या काही तासांचा विचार करा. सकाळी गेलेला रस्ता संध्याकाळी परत मिळेलच असं नाही.

पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नका. एसटी गेली, ट्रॅक्टर गेला म्हणूनही नाही. फूटभर वाहतं पाणी लहान गाडीला ढकलू शकतं. पाण्याखाली रस्ता शाबूत आहे का, हे वरून कळत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल पुरात गेला, त्याबरोबर प्रवाशांनी भरलेल्या एसटी गाड्या गेल्या. पावण्यांकडं राहिलात, लॉजवर रात्र काढली, कार्य चुकलं, तरी चालेल. घरच्यांनीही अशा वेळी "अजून कसं पोचला नाहीस" असा तगादा लावू नये.

दारात उभ्या गाडीत पाणी शिरलं, किंवा पाण्यात बंद पडली, तर पुन्हा चावी फिरवू नका. इंजिनात पाणी गेलेलं असतं. चालू करायला गेलात की आतले भाग वाकतात आणि खर्च हजारांवरून लाखांवर जातो. गाडी ओढून न्या. विम्याचा कागद आजच काढून बघा. नुसता थर्ड पार्टी असेल तर पुरात तुमच्या गाडीचे काहीच पैसे मिळत नाहीत. पूर्ण विमा असला तरी पाण्यानं बिघडलेल्या इंजिनासाठी वेगळं कलम जोडावं लागतं. नदीकाठच्या भागात राहत असाल तर ते जोडून घ्या. पाणी वाढायची बातमी आली की गाडी उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडं लावा. जागा आधीच ठरवून ठेवा, त्या रात्री शोधाशोध नको.

डिकीत बॅटरी, दोरी, जुना टॉवेल, प्यायचं पाणी, चिवड्याची पुडी आणि एक घोंगडं ठेवा. म्हातारी माणसं किंवा लहान मूल बरोबर असेल तर त्यांची औषधं एक दिवस जास्तीची घ्या. घाटात कित्येक ठिकाणी रेंज नसते, म्हणून घाट लागायच्या आधी घरी फोन करा आणि कुठल्या रस्त्यानं जातोय ते सांगा. ११२ हा तातडीच्या मदतीचा, १०७७ हा जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा आणि १०३३ हा राष्ट्रीय महामार्गाचा नंबर आहे. मोबाइल भिजतो, बंद पडतो. हे तिन्ही आणि घरचा एक नंबर कागदावर ठळक लिहून समोरच्या खणात ठेवा, आणि तो कागद कुठं आहे ते बरोबरच्या सगळ्यांना सांगून ठेवा.