बंद गाडी घेताना टनेज विसरा



ऊसवाहतुकीचा करार म्हणजे चार-पाच महिन्यांचा धंदा. बॉयलर थंड झाला की ट्रॅक्टर गोठ्याशेजारी उभा राहतो, हप्ता मात्र बारा महिने चालूच. म्हणून घरोघरची तरणी पोरं हल्ली म्हणू लागली आहेत, ''आबा, बंद बॉडीचा टेम्पो घेऊ. एमआयडीसीचा अर्जंट माल मारू.''

पोरांचं म्हणणं काही खोटं नाही. ऐन गळितात मिल थांबली आणि बेअरिंग पुण्याहून यायची असली, तर ती किती भाड्यात आली हे कोणी विचारीत नाही, किती वाजता आली हे विचारतात. आपण सारे हे पाहत आलो आहोत. तातडीच्या मालाचा धंदा तो हाच. त्याचे भाडे वजनाचे नसते, वेळेचे असते.

आणि नेमकी इथेच आपली गोची होते. आपण पडलो उसाची माणसे. आपले वाहतूक बिल टनावर आणि अंतरावर निघते, त्यामुळे खेप भरगच्च तर फायदा जास्त, हे डोक्यात पक्के बसलेले. त्याच डोक्याने शोरूममध्ये गेलो की ''घ्यायचीच तर मोठी घ्या'' होते आणि चौदा फुटी गाडी दारात येऊन उभी राहते. अर्जंट माल बहुतेक वेळा थोडाच असतो. दोन खोकी, एखादी मोटर, फार तर एक-दोन पॅलेट. तेवढ्यासाठी मोठी गाडी पळवली तरी डिझेल, टोल आणि टायर अख्ख्या गाडीचेच जळतात. तेव्हा पहिली गाडी लहान घ्यावी आणि तीही काम हातात आल्यावर घ्यावी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

लहान म्हणजे केवढी, हे मात्र अंदाजाने ठरवू नये. टेप घेऊन जावे. कारखान्यांतून वापरात असलेले एक नेहमीचे पॅलेट १२०० बाय १००० मिलिमीटरचे असते. आतून नऊ फूट लांबीच्या बॉडीत अशी दोनच बसतात. आतून पुरती दहा फूट असेल तर तीन बसतात, तीही जेमतेम दोन इंच जागा सोडून. एका फुटाने एक पॅलेट वाढते! बॉडीवाला सांगतो ते माप पुष्कळदा बाहेरचे असते. पत्रा, प्लायवूड आणि दाराची जाडी वजा केली की दहाची साडेनऊ होते आणि तिसरे पॅलेट जमिनीवर राहते. दाराची रुंदीही मोजावी. आत ऐसपैस आणि दार अरुंद, अशी गाडी फोर्कलिफ्टच्या कामाची नाही.

दुसरे, वजन. बंद बॉडीला स्वतःचे वजन असते आणि ते आपल्याच मालातून वजा होते. समजा, गाडीचे नोंदणीकृत एकूण वजन ३,००० किलो आहे आणि बॉडीसकट रिकामी गाडी १,८०० किलो भरली, तर चालक व डिझेल धरून माल राहतो ११०० किलोच्या आसपास. विक्रेता उघड्या गाडीचा आकडा सांगेल. आपण बॉडी बसवून काट्यावर नेऊन बघावी. काटा आपल्याला नवा नाही! उसाची ट्रॉली आपण कशी भरतो ते इथे काढायला नको, पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात जादा भारासाठी २०,००० रुपये आणि वर दर जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरविल्याशिवाय गाडी हलत नाही. अर्जंट मालाची गाडी अडकली म्हणजे त्या दिवशीचे भाडे बुडालेच, पुढचे कामही गेले.

तीन हजार किलोचा आकडा आम्ही मुद्दाम घेतला. एकूण वजन तेवढे किंवा त्याहून कमी असलेल्या मालवाहू गाडीला १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे परमिट लागत नाही. लायसन्सचेही असेच आहे. ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालविता येते, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये निर्वाळा दिला आहे. फिटनेस मात्र चुकत नाही. आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

काहीजण म्हणतात, कंपनीचा माल नसेल त्या दिवशी आपलीच भाजी वाशीला नेऊ. हे जमण्यातले नाही. कोथिंबीर, मेथी बंद पेटीत वाफ धरते आणि पहाटे दार उघडले की आतून कुजका वास येतो. भाजीला हवा लागते, जाळीची बॉडी लागते, नाहीतर थंड गाडी लागते, आणि तिचा खर्च वेगळाच. उलट, एकदा कांदा किंवा खत भरलेल्या पेटीत औषधांची, कापडाची खोकी कोणी ठेवू देणार नाही. एक गाडी दोन्ही घरचा पाहुणा होऊ शकत नाही.

वेळेबद्दल पोरांची एक समजूत काढायला हवी. अर्जंट म्हणजे सुसाट नव्हे. २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे मालगाडीला द्रुतगती मार्गावरही ताशी ८० ची मर्यादा आहे, आणि उंच पेटीची गाडी घाटात वाऱ्याने हेलकावे खाते ते वेगळेच. वेळ वाचतो तो न थांबण्यात. स्टेपनी धड असावी, कागद पुरे असावेत, ई-वे बिलाची मुदत बघितलेली असावी (ती २०० किलोमीटरला एक दिवस मिळते) आणि चालक झोपलेला असावा, म्हणजे निघण्याआधी! एकट्या पोराने दिवसा रान बघायचे आणि रात्री मुंबई गाठायची, हे आम्हाला अजिबात मान्य नाही.

दुरुस्तीचेही पाहावे. १ एप्रिल २०२० पासून विक्रीला आलेल्या गाड्या भारत स्टेज ६ च्या आहेत. त्यांचा सेन्सर रुसला की गावचा मेस्त्री हात वर करतो. आपल्या वाटेवर ज्या कंपनीचे सर्व्हिस सेंटर जवळ आहे ती गाडी चांगली, मग नाव कोणतेही असो.

आता मुख्य गोष्ट, पैसा. हप्ता ऊसबिलातून कापून घ्या, असे हमीपत्र लिहून द्यायला आपण चटकन तयार होतो. पण त्याच बिलातून सोसायटीचे पीककर्ज जाते, त्यातूनच पोरीची फी आणि पुढचे बेणे येते. उसाचे पैसे चौदा दिवसांत द्यावेत असे १९६६ चा आदेश सांगतो. भाड्याच्या पैशाला तसला नियम आपोआप लागू होत नाही. लघुउद्योग म्हणून नोंदणी असेल आणि करार लेखी असेल, तरी ४५ दिवसांपर्यंत थांबावे लागते. तोवर डिझेल रोखीने भरावे लागते, आणि हप्त्याची तारीख तर कोणासाठी थांबत नाही. तेव्हा दोन महिन्यांचे डिझेल व दोन हप्ते बाजूला ठेवता येत नसतील, तर ऊसबिल गहाण टाकून गाडी घेऊ नये. कारखान्यानेही कामाचे लेखी पत्र पाहिल्याखेरीज असल्या कपातीला संमती देऊ नये. हे काही सभासदांना कडू लागेल.

ज्यांना घ्यायचीच आहे त्यांनी आधी दोन महिने दुसऱ्याची बंद गाडी भाड्याने लावून काम करून पाहावे आणि वही ठेवावी. फोन कधी आला, माल कधी भरला, कधी पोचला, किती किलोमीटर, भाडे किती, पैसे कधी मिळाले. आणि एक रकाना येताना रिकाम्या पळालेल्या किलोमीटरचा, कारण परतीचा माल मिळेपर्यंत तेच किलोमीटर भाडे खातात. ही वही घेऊन गट कार्यालयात यावे, म्हणजे बसून हिशेब मांडता येईल.