शंका घ्या, पण कसोटीही लावा

‘डॉक्टर, विज्ञान आज एक सांगतं, उद्या दुसरंच. मग रक्तदाबाची गोळी रोज घ्यायची ती कशाच्या भरवशावर?’ असे विचारणारे रुग्ण मला अधूनमधून भेटतात. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर अल्सरच्या इतिहासात सापडते.

अल्सर म्हणजे जठराच्या किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाच्या अस्तराला पडलेली जखम. ती तिखट खाण्याने, काळजीने व वाढलेल्या आम्लाने होते, असे वैद्यकशास्त्र अनेक वर्षे मानत होते. जठरातील तीव्र आम्लात जंतू तग धरत नाहीत, हे तर जणू ब्रह्मवाक्यच! आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांनी जखम भरे. गोळ्या थांबल्या की बहुधा पुन्हा उलटे.

१९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे डॉ. रॉबिन वॉरेन यांना जठराच्या अस्तरावर सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जंतू दिसले. पुढे डॉ. बॅरी मार्शल त्यांच्या जोडीला आले. अनेक तज्ज्ञांनी त्यांचे म्हणणे झटकून टाकले. तेव्हा १९८४ मध्ये मार्शल ते जंतू स्वतःच प्यायले! काही दिवसांतच त्यांना उलट्या सुरू झाल्या. तपासणीत जठराला सूज आणि तेथे तेच जंतू आढळले. तरीही जगाने लगेच मान डोलावली नाही आणि ते योग्यच होते, कारण हा एका माणसाचा अनुभव, तोही सुजेपुरता. पुढे अनेक रुग्णांवर चाचण्या झाल्या. जंतू नष्ट केल्यास अल्सर सहसा उलटत नाही, असे दिसले, तेव्हा मत बदलले. २००५ मध्ये दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

रूढ समजुतीवर शंका घेणे हा गुन्हा नव्हे. मात्र या दोघांनी नुसती शंका घेतली नाही, तिची परीक्षा करून दाखवली. शास्त्राची चूक शास्त्राच्याच कसोटीने सापडली. ‘शास्त्र एकदा चुकले, म्हणून शेजाऱ्याने सांगितलेला काढा खरा’, हा तर्क त्यात बसत नाही. काढ्यालाही तीच कसोटी हवी. रक्तदाबाच्या गोळ्यांनी पक्षाघाताचा धोका कमी होतो, हे अशा चाचण्यांतून सिद्ध झाले आहे. म्हणून शंका आल्यास गोळी परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि रुग्णाने प्रश्न विचारला म्हणून आम्ही डॉक्टरांनीही रागावू नये.

वारंवार अल्सर होणाऱ्यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणी करून घ्यावी. वेदनाशामक गोळ्यांनीही अल्सर होतो, म्हणून त्या मनाने घेऊ नयेत. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाल्यास मात्र चर्चा नको; ताबडतोब रुग्णालय गाठावे.