वाडा मोठ्यानं वाचा

नाटक बघायचं असतं, वाचायचं काय, असं बरेच जण म्हणतात. मग घरात असलेली नाटकाची पुस्तकं कपाटातच राहतात. पण चांगलं नाटक तालुक्याच्या गावात किती वेळा येतं? आपल्या सवडीच्या रविवारी तर नाहीच येत. म्हणून माझी विनंती आहे, महेश एलकुंचवारांचं 'वाडा चिरेबंदी' मिळवा. जवळच्या वाचनालयात विचारा, तिथे नसेल तर विकत घ्या. आणि ते एकट्यानं मनात वाचू नका. घरातली पाच-सात माणसं गोल बसवा, कामं वाटून घ्या आणि मोठ्यानं वाचा.

गोष्ट वऱ्हाडातल्या धरणगावच्या देशपांड्यांची आहे. वडील तात्याजी गेलेत आणि घर तेराव्याच्या तयारीत आहे. मुंबईहून धाकटा भाऊ सुधीर बायकोला, अंजलीला, घेऊन आलाय. थोरला भास्कर आणि वहिनी घर चालवतात. सगळ्यात धाकटा चंदू दिवसभर राबतो. त्यांच्या बहिणीचं, प्रभाचं, शिक्षण अडलं आणि लग्नही झालं नाही. आई आहे, तात्याजींची म्हातारी आई दादी आहे, भास्करची मुलं पराग आणि रंजू आहेत. दारात ट्रॅक्टर नुसताच उभा आहे. शेती आटली, पैसा आटला, पण तेराव्याला गावजेवण घालायचं की नाही, यावर घराण्याची इभ्रत टांगलेली. पुढे काय होतं ते मी सांगणार नाही.

हे नाटक १९८५ साली विजया मेहतांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आलं. पुढे 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' लिहून एलकुंचवारांनी त्याच घराची कहाणी तीन नाटकांत पूर्ण केली. १९९४ साली चंद्रकांत कुलकर्णी यांनी तिन्ही नाटकं सलग उभी केली. 'युगान्त'ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. एलकुंचवार स्वतः यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे, त्यामुळे वाड्याची ही पडझड त्यांनी लांबून बघितलेली नाही. एवढी माहिती वाचायला बसण्याआधी पुरे.

आता कामं वाटण्याबद्दल. माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं हेच आहे: घरात जो जिथे उभा आहे, त्याला त्याच्या समोरच्याचं काम द्या. शहरात नोकरी करणाऱ्यानं भास्कर वाचावा. गावी राहून आईवडिलांचं बघणाऱ्यानं सुधीर वाचावा. सासूनं वहिनी घ्यावी आणि सुनेनं आई. आमच्या घरी आम्ही असंच केलं. आमचे थोरले दादा शेताचा, घराचा सगळा व्यवहार बघतात. त्यांच्या वाट्याला प्रभा आली. पहिल्यांदा ते जरा संकोचले. पण बुद्धी असून घरातच कोंडलेल्या त्या बाईचं बोलणं वाचता वाचता एका ठिकाणी ते थांबले, चष्मा काढून पुसला आणि मग पुढे वाचलं. आम्ही कुणी काही बोललो नाही. आमच्या बहिणीनं खिडकीबाहेर बघितलं. वाटणीवरून आमच्याकडे जे बोलणं वर्षानुवर्षं टळलं होतं, ते त्या संध्याकाळीही झालं नाही, पण पुढच्या महिन्यात झालं आणि आवाज न चढता झालं.

प्रभाच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. नाटक आलं तेव्हा वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला जन्मानं मुलाइतका हक्क नव्हता. महाराष्ट्रात तो १९९४ च्या दुरुस्तीनं आला, देशभर २००५ साली. आज कायदा आहे, आणि तरीही हक्कसोडपत्रावर सही करायला बहिणीला बोलावणं जातंच. प्रभा वाचताना तरुण मुलींना हे जरूर सांगा.

कंसातल्या रंगसूचना गाळू नका. त्या वाचायला एक वेगळा माणूस ठेवा, शक्यतो शांत आवाजाचा. रात्री वहिनी घराण्याचे दागिने अंगावर घालते तो प्रवेश घाईनं वाचला तर हातून निसटतो. ती बाई आयुष्यभर दुसऱ्यांच्या पंक्ती उठवत आली आहे. सोनं अंगावर चढतं तेव्हा तिला काय वाटत असेल, याला वेळ द्या. लेखकानं जिथे 'शांतता' लिहिलंय तिथे खरोखर गप्प राहा, मनात पाचपर्यंत मोजा. गप्प बसणं कठीण जातं. पण या घरात जे बोललं जात नाही तेच फार मोठं आहे.

दादीचं काम घरातल्या सगळ्यात लहान वाचकाला द्या. तिची वाक्यं थोडी आणि पुन्हा पुन्हा येणारी आहेत, मुलांना ती जमतात. आणि कोवळ्या आवाजात ती म्हातारी वाक्यं ऐकली की मोठ्यांना चटका बसतो.

वैदर्भी बोलीची नक्कल करण्याच्या भानगडीत पडू नका. बोली आपली असेल तर उत्तमच, नसेल तर आपल्या नेहमीच्या बोलण्यात वाचा, फक्त शब्द बदलू नका. अडखळलात तरी चालेल. चूक कोणाची, भास्करची की सुधीरची, हा वाद मध्येच उपटला तर पुस्तक संपेपर्यंत थांबवा. मला स्वतःला या नाटकात कुणीच खलनायक दिसत नाही, आणि म्हणूनच ते मला इतकं जवळचं वाटतं.

एका बैठकीत संपवण्याचा हट्ट नको. दोन संध्याकाळी लागल्या तरी हरकत नाही. परगावचा भाऊ व्हिडिओ कॉलवरून वाचणार असेल तर त्यालाही पुस्तक आधी पाठवा. चहा, पाणी, आजींची गोळी, सगळं सुरू करण्याआधी उरकून घ्या.

आणि चंदूचं काम जो घेईल, त्याला त्या दिवशी कसल्याही कामाला उठवू नका.